दुरुस्तीचे खाते

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी लष्करातील आमच्या घरी पाच-सहा साहित्यप्रेमी मंडळी जमली होती. चर्चेचा विषय होता ग्रीष्म आणि आपली काव्यपरंपरा. बाहेर पारा ४५ अंशांवर होता. बैठकीच्या खोलीत वातानुकूलन यंत्राने तो २२ वर आणून ठेवला होता. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’चा आरंभ ग्रीष्मापासूनच का केला असावा, या प्रश्नावर एक स्नेही अंगावर शाल घेऊन बोलत होते. त्याच वेळी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात आमच्या सौ. पाहुण्यांसाठी कचोऱ्या तळत होत्या. भांडे पडल्याचा आवाज झाला. आम्ही आत गेलो तेव्हा त्या ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक, आणि आमचे नावही त्यांना धड आठवत नव्हते.

डॉक्टर आले. उष्णतेने शरीरातील पाणी आणि क्षार कमी झाले, रक्तदाब उतरला, वेळेवर लक्ष गेले म्हणून निभावले, असे म्हणाले. सायंकाळी आम्ही स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलो. निवृत्तीनंतरच्या इतक्या वर्षांत मे महिन्यात तेथे दहा मिनिटे सलग बसण्याचा तो आमचा पहिलाच प्रसंग. ओट्यावरच्या झरोक्यात बसवलेला, आतील हवा बाहेर फेकणारा पंखा तीन वर्षांपासून बंद होता. दुसऱ्या दिवशी वीजमिस्त्रीने एक कपॅसिटर बदलला, पात्यांवरचा तेलाचा थर खरवडला आणि पंखा सुरू झाला. एकूण खर्च साडेतीनशे रुपये. त्याच तीन वर्षांत आम्ही घरात दोन नवी वातानुकूलन यंत्रे आणली होती.

तेव्हा हा लेख म्हणजे एक आरोपपत्र आहे आणि त्यातील पहिले आरोपी आम्हीच आहोत, हे आरंभीच नमूद करतो. परंतु एकट्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची आमची तयारी नाही. सुशिक्षित, पेन्शनर, वाचनप्रिय अशा आपल्या साऱ्या वर्गाला या रोगाची लागण झालेली आहे. आपण थंडावा आणि ऊब विकत घेतो. राखत मात्र नाही. नवे यंत्र आणताना आपला हात सढळ असतो आणि जुन्याची जाळी धुताना तो दुखतो. यंत्राच्या आधी घर सुधारावे लागते, आणि सुधारण्याच्या आधी आहे ते सांभाळावे लागते, हा साधा क्रम आपण उलटा करून टाकला आहे.

हा उलटा क्रम आम्हांस नवा नाही. चौतीस वर्षे राज्य शासनाच्या सेवेत राहिलो आणि त्यांतील बरीच वर्षे इमारतींच्या फाइलींत गेली. अर्थसंकल्पात नव्या कामाचे लेखाशीर्ष वेगळे आणि देखभाल-दुरुस्तीचे वेगळे. नव्या कामाला भूमिपूजन असते, कोनशिला असते, फीत असते, छायाचित्र असते. अमुक साली हे छत गळण्यापूर्वीच दुरुस्त केले, अशी कोनशिला आम्ही अद्याप कोठेही पाहिलेली नाही. काटकसरीचे परिपत्रक निघाले की पहिली कात्री दुरुस्तीवर चाले, आणि दहा वर्षांनी तीच इमारत ‘वापरण्यास अयोग्य’ ठरवून नव्या कामाचा प्रस्ताव वर जाई. अशा प्रस्तावांवर आम्हीही टिप्पण्या लिहिल्या आहेत. शासनाला त्याबद्दल नावे ठेवण्याचा अधिकार मात्र ज्याच्या घरातील झरोक्याचा पंखा तीन वर्षे बंद आहे, त्याला नाही. ‘जीर्णोद्धार’ हा फार सुंदर शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आणि घरासाठी ‘एक्स्चेंज ऑफर’ घेतली.

एवढे म्हटले की आमच्याच पिढीतील एक पक्ष हर्षाने मान डोलावतो. ‘म्हणूनच आम्ही म्हणतो, जुने वाडेच बरे होते! हात हात जाडीच्या दगडी भिंती, मधला चौक, उंच छताजवळची रोशनदाने, तळघर! कशाला हवी होती यंत्रे?’ या पक्षालाही आमचा विरोध आहे. जुन्या रचनेत शहाणपण होते, हे निर्विवाद. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराच्या महालाचे दोन मजले जमिनीखाली आहेत; ते ज्यांनी पाहिले त्यांना उन्हाळ्याची वास्तुकला समजावून सांगावी लागत नाही. परंतु वाडा आपोआप थंड राहत नव्हता. आमच्या बालपणी, १९६०च्या दशकात, पश्चिमेच्या दारावर खसाची ताटी बांधलेली असे. ताटी कोरडी पडली की ती निव्वळ गवताची भिंत. म्हणून एक गडी दर अर्ध्या तासाने बाहेरच्या बाजूने, म्हणजे लू वाहत असताना उन्हात उभा राहून, तिच्यावर पाणी मारी. आत आम्ही सुगंधी झुळूक घेत आमरसाची निद्रा अनुभवत असू. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून तिची तलखी उतरवली जाई, ती घरातल्या मुलींकडून. हिवाळ्यात तांब्याचा बंब पहाटे पेटवायचा, त्याची राख काढायची, नळी साफ करायची, चिंचेने तो लखलखीत करायचा, ही कामे आजीची आणि आईची. वाडा हेदेखील एक यंत्रच होते आणि त्याची देखभाल रोज होत असे. करणारे हात आपले नव्हते, म्हणून ती आपल्या आठवणींत उरली नाही, इतकेच. त्या काळाचे गोडवे गाणाऱ्याने आधी त्या ताटीच्या बाहेरच्या बाजूस एक दुपार उभे राहावे.

आता त्या ताटीचाच वारस असलेल्या कूलरकडे वळू. आपल्या प्रांतात तो घरोघर आहे आणि त्याच्याइतका अपमान दुसऱ्या कोणत्याही यंत्राचा होत नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. ग्वाल्हेरच्या कोरड्या मे महिन्यात एखादा कूलर तासाला १० लिटर पाणी उडवत असेल, तर तो हवेतून जी उष्णता काढतो ती जवळजवळ दोन टनांच्या वातानुकूलन यंत्राइतकी भरते. आणि त्यासाठी पंखा व पंप मिळून वीज लागते ती दोन-चार दिव्यांना जुन्या काळी लागे तेवढी. त्यातील बराच थंडावा खिडकीवाटे निघून जातो हे खरे. परंतु ती खिडकी उघडी ठेवावीच लागते. कूलर लावून दारे-खिडक्या बंद करणारे सद्गृहस्थ खोलीत दमटपणा साठवतात आणि मग ‘कूलर काम देत नाही’ म्हणून दुकानाची वाट धरतात. कूलरला मर्यादा आहेत. आषाढ-श्रावणात हवाच ओली असते, तेव्हा त्याचे काही चालत नाही. आणि उन्हाळ्यात जेथे पिण्याच्या पाण्याची मारामार आहे, तेथे दिवसाला शंभर लिटर पाणी उडवणे हाही खर्चच आहे. परंतु मर्यादा वेगळी आणि हेळसांड वेगळी. लाकडी तंतूंच्या ज्या जाळीला इकडे सरसकट ‘घास’ म्हणतात, ती दर मोसमात बदलावी लागते. जड पाण्याने ती क्षार धरते, दगडासारखी होते आणि तिच्यातून ना हवा जाते ना पाणी. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा संपूर्ण काढून, टाकीच्या भिंती घासून, कोरडी करावी लागते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला सुमारे सात ते दहा दिवस पुरतात. आणि टाकीच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणजे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. पालिकेचा माणूस टाकी तपासायला आला की आपण त्याला दारातूनच परत पाठवतो, आणि घरात ताप आला की पालिकेच्या नावाने बोटे मोडतो.

याहून गंभीर गोष्ट विजेची. पत्र्याचे अंग, आत पाणी आणि शेजारी वीज, अशी ही वस्तू आहे. तिला अर्थिंग नसेल तर ओल्या पायांनी तिला स्पर्श करणारे मूल जिवानिशी जाते. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि आपण पान उलटतो. घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला आपोआप तुटणारा सुरक्षा-खटका बसवला, तर हा धोका बव्हंशी टळतो. त्याची किंमत दिवाणखान्यातील एका पडद्याहून अधिक नसते. परंतु तो फळीवर असतो, पाहुण्यांना दिसत नाही. म्हणून बसवला जात नाही.

आता वातानुकूलन यंत्राविषयी. त्याचा जन्म माणसाच्या सुखासाठी नव्हे तर छापील कागदासाठी झाला, हे आपल्यासारख्या छापील शब्दावर जगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत-आकसत असे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील आर्द्रता काबूत ठेवणारी योजना आखली. कागदाची एवढी काळजी घेण्यासाठी निघालेले हे यंत्र आपल्या घरी आल्यावर त्याच्या स्वतःच्या नशिबी मात्र काळजी नाही. त्याची जाळी मोसमात पंधरा दिवसांनी पाण्याखाली धरायची असते. कामाला पाच मिनिटे लागतात आणि कोणत्याही मिस्त्रीची गरज पडत नाही. आमच्या घरची जाळी उघडली तेव्हा तिच्यावर धुळीची अशी गादी होती की तिच्यावर मांजर झोपले असते. हवा अडली की शीतकावर बर्फ धरतो, यंत्र अधिक वेळ धापा टाकते, बिल चढते आणि खोली गार होत नाही. मग आपण मिस्त्रीला बोलावतो आणि तो म्हणतो, ‘गॅस संपला.’

या दोन शब्दांवर किती घरांनी दर वर्षी किती हजार रुपये वाहिले असतील! वाचकहो, हा वायू मोटारीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय पुन्हा वायू भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. आणि तो गळून जातो कोठे? जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला घातक आहेच. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट आहे. आजच्या अनेक यंत्रांतील आर-३२ त्या मानाने सौम्य, तरी ६७५ पट. म्हणजे आपण आपली खोली गार करण्यासाठी पैसे मोजून आकाश तापवतो, तेही दर वर्षी. यात सगळा दोष मिस्त्रीचा आहे काय? तासभर उन्हात उभे राहून त्याने बाहेरच्या यंत्राच्या पत्र्यांतील धूळ काढली, तर त्याला तीनशे रुपये देताना आपण घासाघीस करतो. ‘गॅस भरला’ म्हटले की निमूटपणे तीन हजार काढून देतो. श्रमाला मोल न देणाऱ्याला सबब विकत घ्यावी लागते.

‘परंतु,’ एक हिशेबी स्नेही विचारतात, ‘जुने यंत्र वीज अधिक खाते. सरकारनेच तारे लावून दिले आहेत. मग नवे घेण्यात गैर काय?’ काहीही गैर नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ताऱ्यांची पद्धत २००६ साली सुरू झाली. तिचे निकष वेळोवेळी कडक होत गेले, त्यामुळे तेव्हाचे पाच तारे आज पाच राहत नाहीत. कामाच्या मानाने आपला वेग कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर यंत्र जुन्या झटके देत चालणाऱ्या यंत्राहून निश्चित काटकसरी आहे. पंधरा वर्षांचे थकलेले यंत्र अवश्य बदलावे. आमचा आक्षेप नव्याला नाही. न धुतलेल्या जाळीवर उपाय म्हणून घेतलेल्या नव्याला आहे. कारण त्या नव्याचीही जाळी आपण धुणार नाही, आणि दोन वर्षांत त्याचे तारे धुळीत जातील. हाच गृहस्थ पारा २० वर ठेवून रात्री दुलई ओढतो. २०२० सालापासून नवी यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर यावीत असा नियम आहे आणि तपमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा हिशेब आहे. वर छताचा पंखा हळू सोडला तर २६ अंशही सुखाचे वाटतात. पण रिमोट हातात आला की आपल्यातला सरदार जागा होतो.

आणि मुळात हे यंत्र कोणाशी झुंजत असते? आपल्याच छताशी. वरच्या मजल्याच्या घरात दुपारभर तापलेली गच्ची रात्री दोन वाजेपर्यंत खाली उष्णता सोडत राहते. चुन्याची निवळी किंवा पांढरा परावर्तक रंग उन्हाळ्यापूर्वी गच्चीला लावणे, जमल्यास पांढऱ्या फरश्यांच्या तुकड्यांचा थर बसवणे, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताटी, पडदा किंवा वेल देणे, या गोष्टींना वीज लागत नाही. पडदा बाहेरून हवा, कारण काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने अडत नाही. ते घरातच राहते. आपल्या हैदराबादकर बंधूंना ठाऊक असेल की तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती-आराखडा केला. आपण मात्र गच्ची काळी ठेवून खाली दीड टनाऐवजी दोन टन मागवतो. त्या यंत्राचे बाहेरचे तोंड गल्लीत उघडते. आमच्या गल्लीत त्या तोंडाखाली इस्त्रीवाला उभा असतो, समोर कोळशाची इस्त्री आणि डोक्यावर आमची उष्ण हवा. ताटीवर पाणी मारणारा गडी आणि हा इस्त्रीवाला यांत साठ वर्षांचे अंतर आहे. भिंतीची बाजू तीच आहे.

हिवाळ्यात या निष्काळजीपणाला जीव जातात. ग्वाल्हेरच्या थंडीत दगडी खोली विहिरीसारखी होते. तेव्हा कोणी कोळशाची सिगडी पलंगाखाली सरकवून दारे लावून घेतो, कोणी बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून वा गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस गुदमरून जागा होत नाही, झोपेतच जातो. आमच्या नात्यातील एक तरुण असाच न्हाणीघरात कोसळला. दाराची कडी सैल होती म्हणून वाचला. पुढे त्याच्या वडिलांनी कडी दुरुस्त केली, गिझर तेथेच ठेवला! गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत हवा. निजण्याच्या खोलीत सिगडी नकोच. नवे यंत्र घ्यायचेच असेल तर गरम-थंड दोन्ही देणारे घ्यावे. ते बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढते, म्हणून एका युनिटात साध्या हीटरच्या दोन-तीन पट ऊब देते. हा खर्च आम्ही आनंदाने समर्थनीय मानू.

‘या वयात शिडीवर चढून जाळ्या कोण धुणार?’ हा अखेरचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. परंतु उन्हाचा घाव याच वयावर आधी बसतो. म्हाताऱ्या शरीराला घाम कमी येतो, तहान उशिरा कळते. आणि हवा ४० अंशांवर गेली की कोरड्या अंगावर पंखा थंडावा नव्हे, उष्णताच आणतो. चढता येत नसेल तर माणूस लावावा, त्याला योग्य दाम द्यावा आणि तारीख वहीत लिहावी. आपल्याजवळ पंचांग आहेच. शिमग्यापूर्वी गच्चीचा चुना आणि कूलरची घास. पाडव्याला यंत्रांच्या जाळ्या आणि अर्थिंगची तपासणी. श्रावण लागताच कूलर कोरडा करून झाकणे. दिवाळीपूर्वी गिझर आणि त्यातील क्षार. एवढ्या चार नोंदी. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या नोंदवह्या तपासल्या, त्यांना हे जड जाऊ नये. आणि पहिली नोंद घरातील सर्वांत उष्ण खोलीची असावी. ती खोली बहुतेक घरांत स्वयंपाकघर असते; तेथे उभे राहणाऱ्या व्यक्तीला विचारल्याशिवाय वही पुरी झाली असे समजू नये.

गेल्या खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे आम्ही घरातील साऱ्या यंत्रांना झेंडूचे फूल वाहिले. वातानुकूलन यंत्रालाही वाहिले. सौ. मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘फूल राहू द्या. दिवाळी येतेय, आधी गिझर उघडून बघा.’ उघडला. आतील दांडा क्षाराने मनगटाएवढा झाला होता.

हे टिपण वाचकांच्या हाती पडेल तेव्हा शिमगा जवळ आलेला असेल. आमच्या वहीतील पहिल्या पानावर चुना आणि घास यांची तारीख पडली आहे. आपणही एक पान उघडावे, ही विनंती.